स्वकीय आणि परकीय : अवयव-प्रत्यारोपणातील सहिष्णुतेचा शोध

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात मूत्रपिंडविकार व प्रत्यारोपण विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विभागाने वर्षभरात किती रुग्ण तपासले, डायलिसिसची किती सत्रे झाली, याची माहिती या अहवालाच्या इतर पानांवर आपल्याला मिळेलच. आजच्या व्याख्यानासाठी मात्र आम्ही एकच प्रश्न निवडला आहे. तो आमचा नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसलेल्या एका मातेने तो आम्हाला विचारला, आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

या मातेने आपल्या तरुण मुलाला स्वतःचे एक मूत्रपिंड दिले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मुलगा शेतीच्या कामाला लागला, त्याचे लग्न ठरले. पुढे एका वर्षी उसाचे बिल लांबले, घरात पैशांची ओढाताण सुरू झाली, आणि प्रकृती ठणठणीत असताना रोजच्या गोळ्या कशासाठी, असा विचार करून त्याने त्या आधी निम्म्या केल्या व नंतर बंद केल्या. घरी त्याने हे कोणाला सांगितले नाही. पायांवर सूज आली तेव्हा तो आमच्याकडे आला. पण तोवर आईच्या मूत्रपिंडाची इतकी हानी झाली होती की आमच्या हाती फारसे काही उरले नव्हते. तो पुन्हा डायलिसिसवर गेला. त्या दिवशी त्या माउलीने विचारले, "डॉक्टर, पोरगं माझ्याच पोटचं. मग माझीच किडनी त्याला परकी कशी झाली?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची ऐंशीहून अधिक वर्षे गेली आहेत. त्या शोधाची हकिगत आपल्यापुढे मांडावी, तो आज कोठवर आला आहे ते प्रामाणिकपणे सांगावे, आणि त्यातून आपल्या संस्थेने कोणता बोध घ्यावा याविषयी विनम्रपणे काही सुचवावे, असा आमचा हेतू आहे.

कलम आणि कातडी

कोकणातील बागायतदार रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतो. काही आठवड्यांत दोन्हींचा रस एक होतो, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते झाड हापूसची फळे देत राहते. रोप रायवळच राहते, काडी हापूसच राहते, तरी दोघांचा संसार सुखाचा होतो. प्राण्यांच्या शरीरात असे का होत नाही, हे कोडे शल्यविशारदांना दीर्घकाळ छळत होते.

स्वतःच्याच शरीरातील कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी लावली तर ती रुजते, हे आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होते. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्याजवळच्या एका पारंपरिक कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून ते नाक पुन्हा घडवले. या शस्त्रक्रियेचा सचित्र वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. ते नाक टिकले, कारण कातडी कावसजीची स्वतःची होती. दुसऱ्याची कातडी लावली असती, तर ती थोड्याच दिवसांत काळवंडून गळून पडली असती.

असे का होते, याचा पद्धतशीर शोध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. १९४० च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड येथे पीटर मेडावर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाच्या घराजवळ एक विमान कोसळले. त्यातील भाजलेल्या वैमानिकाच्या उपचारांसंबंधी त्यांना विचारणा झाली, आणि जखमांवर दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही या प्रश्नाने त्यांना घेरले. पुढे ग्लासगो येथे टॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी एका भाजलेल्या तरुणीचा अभ्यास केला. तिला तिच्या भावाच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले होते. ते काही दिवसांनी नष्ट झाले. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते आणखी लवकर नष्ट झाले. म्हणजे शरीराने पहिली भेट लक्षात ठेवली होती. देवी किंवा गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो विसरत नाही, त्याच स्मृतीचा हा प्रकार होता. १९४३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि अवयव नाकारला जाणे हे प्रतिकारसंस्थेचे कार्य आहे हे स्पष्ट झाले.

गोठ्यात सापडलेला धागा

प्रतिकार हा अटळच असेल, तर प्रत्यारोपणाची आशाच सोडावी लागेल, असे तेव्हा अनेकांना वाटले. या अंधारात पहिला प्रकाश पडला तो गुरांच्या गोठ्यातून. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे रे ओवेन या शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये दाखवून दिले की गाईची जुळी वासरे एकरूप नसतानाही त्यांच्या रक्तात एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर नांदत असतात. गर्भाशयात दोघांची वार जोडली जाते आणि रक्ताची देवाणघेवाण होते. जन्माआधी जो पाहुणा घरात आला, त्याला शरीर पुढे कधीच परका मानत नाही, असा त्याचा अर्थ होता. ऑस्ट्रेलियातील फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये हाच विचार सिद्धान्तरूपाने मांडला.

मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट या तिघांनी तो प्रयोगाने पडताळला. तपकिरी उंदरांच्या एका वाणातील गर्भांना त्यांनी आईच्या पोटात असतानाच दुसऱ्या, पांढऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. जन्मानंतर आठ आठवड्यांनी त्या पिलांवर पांढऱ्या उंदराची त्वचा लावली. ज्या प्रयोगाचे त्यांनी सविस्तर वर्णन केले, त्यात पाचांपैकी तीन पिलांनी ती त्वचा स्वतःची असल्याप्रमाणे स्वीकारली. तपकिरी उंदराच्या अंगावर पांढऱ्या केसांचा ठिगळासारखा पट्टा सुखाने वाढू लागला. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधाने 'अर्जित सहिष्णुता' ही संकल्पना रूढ झाली, आणि १९६० मध्ये मेडावर व बर्नेट यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे सहिष्णुता या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रतिकारशक्ती दुबळी होणे म्हणजे सहिष्णुता नव्हे. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती शाबूत होती. तिसऱ्याच वाणाची त्वचा लावली असती तर त्यांनी ती नाकारली असती. सहिष्णु शरीर जंतूंशी पूर्वीसारखेच लढते, फक्त एका विशिष्ट दात्याच्या अवयवाला आपला मानते. प्रत्यारोपणशास्त्राचे हे अंतिम ध्येय आहे.

मातेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. ती जणू पेशींची ओळखपत्रे. त्यांना एचएलए म्हणतात. फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यातील पहिल्याचे वर्णन केले आणि १९८० च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. या ओळखपत्राचा निम्मा भाग आईकडून येतो व निम्मा वडिलांकडून. मुलाला आईचा एकच वाटा मिळतो. आईकडे असलेला दुसरा वाटा मुलाला अनोळखी असतो. आईच्या मूत्रपिंडावर मात्र तिचे दोन्ही वाटे असतात. मुलाची प्रतिकारसंस्था नेमका तो दुसरा वाटा पाहते आणि सावध होते. सख्ख्या भावंडांमध्ये दोन्ही वाटे जुळण्याची शक्यता चारात एक असते. ती तंतोतंत जुळणी केवळ एकरूप जुळ्यांतच निश्चितपणे मिळते.

म्हणूनच बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड-प्रत्यारोपण हेरिक या एकरूप जुळ्या भावांमधील होते. ते खरोखर एकरूप आहेत याची खात्री करण्यासाठी आधी एकाची त्वचा दुसऱ्याला लावून पाहिली होती. रुग्ण आठ वर्षे जगला. परंतु जगात एकरूप जुळा भाऊ किती जणांना असतो?

औषधांचे युग आणि त्याची किंमत

इतरांसाठी मग प्रतिकारशक्तीच दडपून टाकण्याचा मार्ग धरला गेला. प्रारंभी संपूर्ण शरीराला किरणोत्सर्ग दिला गेला. त्यातील बहुतेक रुग्ण दगावले. १९६० च्या दशकाच्या आरंभी ॲझाथायोप्रिन व स्टिरॉइड यांची जोडी आली आणि प्रत्यारोपण शक्य कोटीत आले. पुढची मोठी झेप मातीतून आली. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरील मातीच्या नमुन्यातील बुरशीपासून स्वित्झर्लंडच्या बाझेल येथील प्रयोगशाळेत सायक्लोस्पोरिन मिळाले. ज्याँ-फ्रांस्वा बोरेल यांनी त्याचा गुण १९७६ मध्ये जगापुढे मांडला, आणि रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये केंब्रिज येथे ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिले. टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये सापडले. सिरोलिमसची माती ईस्टर बेटावरची, आणि ते शोधणारे शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे डॉ. सुरेन्द्रनाथ सेहगल. माँट्रियल येथील त्यांची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी त्या द्रव्याचा साठा स्वतःच्या घरातील शीतपेटीत जपून ठेवला, म्हणून ते औषध पुढे रुग्णांपर्यंत पोहोचू शकले.

आपल्या देशातही याच काळात पावले पडत होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला, आणि १९७१ मध्ये वेल्लोर येथे जिवंत दात्याकडून यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या राज्यांत सर्वप्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन्ही राज्ये होती. त्या कायद्याने अवयवांच्या विक्रीला बंदी घातली आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला मान्यता दिली.

या औषधांचे उपकार आम्ही रोज पाहतो. त्यांची किंमतही रोज पाहतो. ती प्रतिकारशक्तीला सरसकट दडपतात. दात्याचा अवयव आणि रोगजंतू असा भेद त्यांना करता येत नाही. त्यामुळे जंतुसंसर्ग वाढतो, आणि आपल्या भागात त्याचा अर्थ प्रामुख्याने क्षयरोग असा होतो. क्षयावरील रिफाम्पिसिन सुरू केले की रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने उतरते. एका बाजूने क्षय आवरावा तर दुसऱ्या बाजूने मूत्रपिंड धोक्यात, अशा कात्रीत आमचे रुग्ण सापडतात. मधुमेह जडतो, त्वचेचे व लसिका ग्रंथींचे काही कर्करोग अधिक प्रमाणात आढळतात. सर्वांत खेदाची गोष्ट अशी की जी औषधे मूत्रपिंड वाचवतात, तीच दीर्घकाळात त्याला इजाही करतात. शिवाय ही औषधे जन्मभर घ्यायची असतात. पगारदार माणसाला जन्मभर हा शब्द एका अर्थाने कळतो. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि कारखान्याच्या बिलावर अवलंबून आहे, त्याला तो निराळ्याच अर्थाने कळतो.

शरीराची स्वतःची शाळा

सहिष्णुता शरीराला नवीन नाही. आपल्या प्रत्येकाच्या प्रतिकारसंस्थेला आपलेच हृदय, आपलेच यकृत सहन करण्याचे शिक्षण मिळालेले असते. ही शाळा छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत भरते. तिचे महत्त्व जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. टी-पेशी नावाचे सैनिक येथे तयार होतात, आणि जे सैनिक स्वकीयांवरच शस्त्र उगारतील अशी लक्षणे दाखवतात, त्यांना येथेच बाद केले जाते. परीक्षा इतकी कठोर असते की बहुसंख्य पेशी थायमसच्या बाहेर जिवंत पडतच नाहीत.

तरीही काही उनाड पेशी निसटतातच. त्यांना आवरते कोण? क्योतो व ओसाका येथे दीर्घकाळ काम केलेल्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की टी-पेशींमध्येच एक वेगळा वर्ग असा आहे, ज्याचे काम लढण्याचे नसून लढाई थांबवण्याचे आहे. यांना नियामक टी-पेशी म्हणतात. अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका रोगट उंदराच्या वाणाचा अभ्यास करून २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधले. ते बिघडले की प्रतिकारसंस्था स्वतःच्याच देहावर तुटून पडते, आणि काही बालकांमध्ये आढळणारा एक दुर्मीळ व गंभीर आजारही याच बिघाडामुळे होतो. दोन वर्षांनी हे स्पष्ट झाले की साकागुचींच्या नियामक पेशी घडवणारे जनुक हेच. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

या ठिकाणी त्या मातेचा प्रश्न वेगळ्याच तेजाने उजळतो. मुलाला आईचा निम्मा वाटा अनोळखी, तसाच आईलाही मुलाचा, वडिलांकडून आलेला, निम्मा वाटा अनोळखीच होता. तरीही तिच्या शरीराने त्याला नऊ महिने वाढवले. मेडावर यांनी १९५३ मध्येच या विरोधाभासाकडे लक्ष वेधले होते. गर्भारपणात वारेची विशिष्ट रचना आणि मातेच्या नियामक पेशी मिळून गर्भाचे रक्षण करतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. प्रसूतीनंतर २७ वर्षांनीही मातेच्या रक्तात अपत्याच्या पेशी आढळल्याची नोंद १९९६ मध्ये झाली. परक्याला आपले मानण्याची विद्या त्या माउलीच्या देहाला अवगत होती. ती मुलाच्या देहाला कशी शिकवावी, हाच या संशोधनाचा प्रश्न आहे.

आजवरचे प्रयत्न

त्यासाठी तीन मार्ग मुख्यत्वे चोखाळले गेले आहेत.

पहिला मार्ग ओवेन यांच्या वासरांचा. ज्या दात्याचे मूत्रपिंड, त्याचीच अस्थिमज्जा रुग्णाला द्यायची, म्हणजे दोघांच्या रक्तपेशी काही काळ तरी एकत्र नांदतील. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९९८ मध्ये अस्थिमज्जेच्या कर्करोगाने मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णावर हा उपचार प्रथम झाला. २००८ मध्ये तेथील डेव्हिड सॅक्स, तात्सुओ कावाई आणि सहकाऱ्यांनी एचएलए पूर्णपणे न जुळणाऱ्या पाच रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौघांची सर्व औषधे थांबवता आली; एकाचे मूत्रपिंड मात्र गेले. स्टॅनफर्ड येथे सॅम्युएल स्ट्रोबर यांच्या गटाने लसिका ग्रंथींना किरणोत्सर्ग देऊन, पूर्ण जुळणाऱ्या भावंडांमध्ये चांगले यश मिळवले. त्याच विद्यापीठातून २०२२ मध्ये तीन बालकांची हकिगत प्रसिद्ध झाली. एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने त्यांची प्रतिकारसंस्था व मूत्रपिंडे दोन्ही दुर्बल झाली होती. त्यांना आधी आईची किंवा वडिलांची मूलपेशी आणि नंतर त्याच पालकाचे मूत्रपिंड देण्यात आले, आणि औषधांविना ती मूत्रपिंडे काम करू लागली.

आपल्या शेजारच्या अहमदाबादमध्येही या विषयावर दीर्घकाळ काम झाले. कॅनडातील व्यवसाय सोडून मायदेशी परतलेले डॉ. हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदी यांनी तेथे मूत्रपिंडविकारांची संस्था उभारली, आणि दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी देऊन रुग्णांच्या औषधांची मात्रा कमी करता येईल का, हे पाहिले. गरीब रुग्णाला औषधे परवडत नाहीत, हीच त्यांच्या संशोधनामागची प्रेरणा होती. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. पण ज्या प्रश्नाने आम्हाला घेरले आहे, त्याच प्रश्नासाठी एका भारतीय वैद्याने आयुष्य वेचले, याचा आम्हाला आधार वाटतो.

दुसरा मार्ग नियामक पेशींचा. रुग्णाच्या रक्तातून त्या वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. युरोप व अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रकारच्या विविध पेशी दिलेल्या ३८ रुग्णांपैकी १५ जणांना एकाच औषधावर आणता आले, आणि जंतुसंसर्गाचे प्रमाणही कमी राहिले. सर्व औषधे बंद करण्याचा टप्पा अद्याप दूर आहे. तरी एक गोळी कमी होणे हेही रुग्णाच्या दृष्टीने लहान नाही.

तिसरा मार्ग निरीक्षणाचा. काही रुग्णांनी स्वतःहून औषधे सोडली, आणि तरीही त्यांचा अवयव सुस्थितीत राहिला. यकृताच्या बाबतीत असे अधिक घडते. १९६९ मध्येच काल्न यांनी डुकरांमध्ये यकृताची ही सौम्य वृत्ती दाखवली होती. पालकाच्या यकृताचा भाग मिळालेल्या, काळजीपूर्वक निवडलेल्या २० बालकांची औषधे टप्प्याटप्प्याने कमी केली असता १२ जणांची ती सुखरूप थांबवता आल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाच्या बाबतीत असे रुग्ण अतिशय विरळा. त्यांच्या रक्तात बी-पेशींशी निगडित काही जनुकांची विशिष्ट खूण आढळते, असे २०१० मधील दोन अभ्यासांनी सांगितले. ही खूण भरवशाची ठरली, तर कोणाची औषधे कमी करता येतील हे आधीच ओळखता येईल. आज मात्र अशी चाचणी रोजच्या उपचारांत उपलब्ध नाही. आमच्या त्या तरुणासारखा जो रुग्ण स्वतःहून औषधे सोडतो, तो डोळे बांधून विहिरीच्या काठावरून चालत असतो.

आपण काय करावे

गेल्या वर्षी आमच्या एका सहृदय देणगीदारांनी आम्हाला विचारले, "मूलपेशींचा उपचार आपल्या रुग्णालयात सुरू करायला किती खर्च येईल? मी देतो." त्यांच्या शब्दांमागील कळकळ आम्ही जाणतो, आणि आजच्या व्याख्यानात त्यांना जाहीर उत्तर देण्याची परवानगी आम्ही त्यांच्याकडून घेतली आहे.

आमचे उत्तर आज तरी नकाराचे आहे. वर सांगितलेल्या उपचारांत रुग्णाला आधी तीव्र औषधे किंवा किरणोत्सर्ग द्यावा लागतो. त्या काळात किरकोळ जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. दात्याच्या पेशी शरीरात रुजल्यावर त्यांनीच यजमानावर हल्ला चढवण्याचा धोका असतो. पाहुण्याने घर ताब्यात घ्यावे तसा हा प्रकार, आणि तो मूळ आजाराहून भयंकर ठरू शकतो. यशाचे बहुतेक दाखले निवडक रुग्णांचे व मोजक्या केंद्रांतील आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही, रक्त व प्रतिकारसंस्थेच्या काही मान्य विकारांतील रोपण वगळता, मूलपेशींचा वापर केवळ रीतसर मंजूर चाचणीतच करता येतो. चाचणी म्हटली की रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत आणि त्याला यशाचे आश्वासनही देता येत नाही. मूलपेशींच्या नावाने जेथे आशेचा बाजार मांडला जातो, त्या रांगेत धर्मादाय संस्थेने उभे राहू नये.

परंतु नुसता नकार देऊन आमचे कर्तव्य संपत नाही. त्या तरुणाचे प्रकरण आम्ही विभागात पुन्हा तपासले. त्याने तीन तपासण्या चुकवल्या होत्या, आणि आमच्यापैकी कोणीही त्याच्या घरी साधा दूरध्वनी केला नव्हता. औषधे परवडतात का, हा प्रश्न त्याच्या केसपेपरवर कोठेही नोंदलेला नव्हता. त्याचे क्रिएटिनिन आम्ही दर वेळी लिहिले. त्याच्या घरातील अडचण एकदाही लिहिली नाही. ही आमची चूक आहे, आणि ती येथे मान्य करणे आम्ही आवश्यक समजतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे व देणगीदारांपुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. पहिली, प्रत्यारोपण झालेल्या गरजू रुग्णांसाठी कायमस्वरूपी औषध साहाय्य निधी उभारावा. शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजना व दानशूर व्यक्ती पुढे येतात. पाचव्या वर्षाच्या गोळ्यांसाठी कोणी येत नाही. दुसरी, टॅक्रोलिमसच्या रक्तातील पातळीची तपासणी आपल्याच प्रयोगशाळेत व्हावी, आणि चुकलेल्या प्रत्येक तपासणीमागे घरी संपर्क साधणारी एक समाजसेविका विभागाला मिळावी. तिसरी, आपल्या रुग्णांच्या नोंदी व संमतीने घेतलेले रक्तनमुने शास्त्रशुद्ध रीतीने जतन व्हावेत. सहिष्णुतेची खूण शोधणाऱ्या एखाद्या राष्ट्रीय अभ्यासात उद्या सहभागी होण्याची संधी आली, तर नीतिविषयक समितीच्या मान्यतेने आपण त्यासाठी सिद्ध असू. छोट्या गावातील रुग्णालयही विज्ञानाला हातभार लावू शकते, मात्र त्याची सुरुवात नीटनेटक्या नोंदींपासून होते.

आम्हाला सांगण्यास समाधान वाटते की त्या सहृदय देणगीदारांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, आणि मूलपेशींसाठी देऊ केलेल्या रकमेतून औषध निधीचा पाया घातला.

तो तरुण आजही आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी आमच्याकडे येतो. मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव नोंदवले आहे. त्याची आई त्याच्यासोबत येते आणि आता इतर रुग्णांच्या शेजारी बसून गोळ्या वेळेवर घ्या, असे आपुलकीने बजावते. आमच्या कोणत्याही उपदेशापेक्षा तिच्या शब्दाला अधिक वजन आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला आमच्या परीने समजावून सांगितले. आईचे दोन वाटे आणि मुलाला मिळालेला एक, हे तिने लक्ष देऊन ऐकले. मग ती म्हणाली, "म्हणजे दोष ना त्याचा, ना माझ्या किडनीचा. गोळ्यांचाच खंड पडला." यापेक्षा नेमके निदान आम्हालाही करता आले नसते.

अहमदाबादच्या, बोस्टनच्या, क्योतोच्या प्रयोगशाळांतून एक दिवस असा उपचार येईल की मुलाचे शरीर आईच्या अवयवाला जन्मभरासाठी आपले म्हणेल, अशी आमची श्रद्धा आहे. तो दिवस येईपर्यंत त्या गोळ्यांत खंड पडू न देणे, हे आपले काम आहे. ते आपल्या आवाक्यातले आहे, आणि आपल्या सर्वांच्या साहाय्याने आम्ही ते निष्ठेने करू, असे आश्वासन देऊन आम्ही आपली रजा घेतो.